‘नऊ ते पाच’वाल्यांची बाजू

पॅथॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांनी कशाला मागण्या करायच्या? त्यांची ड्यूटी नऊ ते पाच. समोर रुग्ण नाही, त्यामुळे नातेवाइकांची दमदाटी नाही. रात्रीची झोप शाबूत. त्यांनी आपापले मायक्रोस्कोप सांभाळावेत, तीन वर्षं पूर्ण करावीत आणि निघावं.

हा युक्तिवाद कुणा एकाचा नाही. सर्जरीच्या रेसिडेंटच्या तोंडी तो थट्टेचा असतो, प्रशासनाच्या तोंडी सोयीचा असतो आणि खुद्द पॅथॉलॉजीतल्या काही ज्येष्ठांच्या तोंडी उपदेशाचा असतो: आमच्या वेळी आम्ही कुठे काही मागत होतो? ‘मार्ड’ची, म्हणजे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेची, संपाची नोटीस निघाली की तो हमखास वर येतो. तो मला खोडून काढायचा आहे, आणि डॉक्टरांच्या बाजूनं खोडण्यापेक्षा रुग्णांच्या बाजूनं.

मी मोरव्यात राहतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही जुनी गावं आहेत. मिठागरांची जमीन एका अंगाला, दुसऱ्या अंगानं शहर सरकत येतंय. मीरा-भाईंदर महापालिका 2002 मध्ये झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या वस्तीला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज नाही. टेंभ्याला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं सरकारी रुग्णालय आहे, अडीनडीला लोक तिथे जातात. पण गाठ, न भरणारी जखम, तोंडातला पांढरा चट्टा असं काही निघालं की गावातली माणसं लोकलचं वेळापत्रक बघतात. केईएम, नायर, नाही तर थेट टाटा. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय खरं तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं; पण घोडबंदर रोडच्या गर्दीतून कळवा गाठण्यापेक्षा परळ गाठणं सोपं, हे इथल्या कुणालाही विचारा.

मोरव्याच्या एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ परळला काढली गेली, की तिच्या पुढच्या उपचाराची दिशा ज्यांच्या हातात असते त्यांना ती कधीच भेटत नाही. ‘समोर रुग्ण नाही’ हे म्हणूनच अर्धं खरं आहे. रुग्ण असतो, फक्त डब्यात असतो.

तो डबा पॅथॉलॉजीत आल्यावर काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे माहीत नसल्यामुळेच ‘नऊ ते पाच’ची थट्टा खपते. शरीराबाहेर आलेली ऊती लगेच बिघडायला लागते. ती तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी. फॉर्मॅलिन ऊतीच्या निदान दहापट हवं. स्तनाच्या कर्करोगात ती त्यात किमान सहा तास, पण 72 तासांहून जास्त नाही, अशी राहायला हवी. हे आकडे हौसेचे नाहीत. फॉर्मॅलिन नीट मुरलं नाही तर हॉर्मोन रिसेप्टरची चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, आणि मग त्या बाईला वर्षानुवर्षं घ्यायची एक साधी, स्वस्त गोळी कुणी लिहूनच देत नाही. चूक कुठे झाली हे तिला कधी कळत नाही. तिच्या सर्जनलाही कळत नाही.

मग तो डबा उघडतो कोण? मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांत बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. कडांना शाई लावणं, काप घेणं, गाठ मोजणं, कोणती कड गाठीच्या सर्वांत जवळ आहे ते बघणं, काखेतल्या चरबीत बोटांनी चाचपून लसिकाग्रंथी शोधणं, आणि या सगळ्यातून कोणते तुकडे ब्लॉक करायला द्यायचे ते ठरवणं. याला ग्रॉसिंग म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निदान बारा ग्रंथी तपासल्या जाव्यात असा जगभर मानलेला निकष आहे. समजा सातच सापडल्या आणि सातही स्वच्छ निघाल्या. रोग ग्रंथींपर्यंत गेलाच नाही, की गेलेली ग्रंथी चरबीत राहून गेली? याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि केमोथेरपी द्यायची की नाही हा प्रश्न त्या उत्तरावर लटकलेला असतो. मायक्रोस्कोपखालचं चुकलेलं निदान दुसऱ्याला स्लाइड दाखवून सुधारता येतं. पण जो तुकडा स्लाइडवर आलाच नाही तो टाटाच्या प्रोफेसरलाही दिसणार नाही.

हे काम पुस्तकातून येत नाही. शेजारी कुणी तरी उभं राहून ‘इथे अजून एक काप घे’ असं म्हणावं लागतं. ते म्हणणारा माणूस आहे का, हाच प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. विभागात शिक्षकांची पदं रिकामी असली की पहिल्या वर्षाच्या मुलाला तिसऱ्या वर्षाचा मुलगा शिकवतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाला तो पहिल्या वर्षी असताना ज्यानं शिकवलं त्याच्याही शेजारी कुणी उभं नव्हतं. अशा रीतीनं एक चूक दहा वर्षं सुखानं नांदू शकते.

रात्रीची झोप शाबूत, हेही ऐकीव. इमर्जन्सी लॅब रात्री बंद होत नाही. अनेक कॉलेजांत ब्लड बँकेची रात्रपाळीही पॅथॉलॉजीच्याच रेसिडेंटच्या माथी असते. पावसाळ्यात डेंगीची साथ सुरू झाली की प्लेटलेटसाठी येणारे फोन, बाळंतपणात अचानक रक्तस्राव झालेल्या बाईसाठी रात्री दोन वाजता करायचं क्रॉसमॅच, आणि दिवसा कधीही येणारं फ्रोझन सेक्शन: रुग्ण टेबलावर भुलीत, पोट उघडं, सर्जन हात थांबवून उभा, आणि सुमारे वीस मिनिटांत सांगायचं की गाठ कर्करोगाची आहे की नाही. बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग दिसते, म्हणून तिथल्या डॉक्टरचं दमणंही लोकांना दिसतं. लॅबमधलं दमणं एका कागदावर ‘क्रॉसमॅच कंपॅटिबल’ एवढ्या दोन शब्दांत मावतं.

तासांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत नोंदवतो. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं होतं की निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त काम सहसा देऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलानं 2024 मध्ये सुचवलं, आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त नको. आणि डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत काय आहे? कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि विश्रांतीही ‘वाजवी’ मिळावी. 48 वरून 74, आणि मधल्या मध्ये आकडाच गायब. जो माणूस ते तास भरतो त्याला हे ठरवताना कुणी विचारलं का? वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या हाती रोस्टर आहे तोच ठरवणार असेल तर नियम कशाला छापायचा?

फॉर्मॅलिनचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्मॅलिनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. म्हणजे कर्करोगाचं निदान करायला शिकणारी पंचविशीतली मुलंमुली रोज तीन-चार तास ज्या वाफेत उभी राहतात ती वाफच कर्करोगकारक आहे, हे वीस वर्षांपूर्वी ठरून गेलंय. ग्रॉसिंगच्या टेबलावर हवा खाली किंवा मागे ओढून घेणारी यंत्रणा हवी. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन असतो आणि तो चालतो की नाही हे मामांना, म्हणजे विभागातल्या शिपायांना, विचारावं लागतं. डोळे चुरचुरत घरी जाणाऱ्या रेसिडेंटनं हे मागितलं तर ती ऐषारामाची मागणी म्हणायची?

आता दुसरा आक्षेप. ‘मार्ड आहे की! सगळ्यांसाठी भांडते, यांच्यासाठीही भांडेल.’

मार्डबद्दल मला आदर आहे, आणि तिच्या विरोधकांपेक्षा जास्त माहितीही आहे. ‘यांना फक्त स्टायपेंड वाढवून हवा’ असं म्हणणाऱ्यांनी जानेवारी 2023 च्या संपाची यादी काढून बघावी. सीनियर रेसिडेंटची 1,432 पदं निर्माण करा, सहयोगी आणि सहायक प्राध्यापकांची रिकामी पदं भरा, मोडकळीला आलेली हॉस्टेलं सुधारा, थकलेला महागाई भत्ता द्या. यातल्या पहिल्या दोन मागण्या सरळ शिक्षणाच्या आहेत. शिकवायला माणूस द्या, एवढंच विद्यार्थी म्हणत होते, आणि ते म्हणायला त्यांना संप करावा लागला. दोन दिवसांत सरकारनं आश्वासन दिलं आणि संप मिटला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा संपाचा इशारा द्यावा लागला, तेव्हा स्टायपेंडमध्ये दहा हजारांची वाढ मिळाली. मार्च 2017 मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरवर झालेल्या भीषण हल्ल्यानंतर राज्यभर काम थांबलं, तेव्हा कुठे रुग्णालयांत सुरक्षारक्षक दिसू लागले. प्रत्येक वेळी बोलणं ऐकलं गेलं ते ओपीडी थांबल्यावर किंवा थांबण्याच्या धास्तीनं.

माझी तक्रार नेमकी इथेच सुरू होते. मार्डचं बळ ओपीडीत आहे. ओपीडी बंद झाली की बातमी होते आणि मंत्रालयातून फोन येतो. ग्रॉसिंग दोन दिवस थांबलं तर बातमी होत नाही. रिपोर्ट दोन दिवस उशिरा येतात एवढंच, आणि ते एरवीही येतातच. संपातही आपत्कालीन सेवा चालू ठेवायच्या असतात, म्हणजे इमर्जन्सी लॅब आणि ब्लड बँक चालूच. ज्याचं काम थांबवता येत नाही आणि थांबलं तरी दिसत नाही, त्याच्या मागण्या शिष्टमंडळाच्या कागदावर कितव्या पानावर जाणार? इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या अँटिबॉडीज संपल्यात, त्या वेळेवर मागवा. सायटोलॉजीचं पोस्टिंग कागदावर चार महिन्यांचं आणि प्रत्यक्षात दीड महिन्याचं होतं, ते पूर्ण द्या. दुहेरी किंवा अनेक आयपीसचा मायक्रोस्कोप द्या, म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा एकच पेशी बघतील. या मागण्यांवर मोर्चा निघत नाही. त्यांच्यावर मंत्र्यांशी चर्चाही होत नाही. त्या विभागात, कॉलेजात आणि विद्यापीठात सुटायच्या असतात, आणि नेमकी तिथे रेसिडेंटला खुर्ची नसते.

अमेरिकेत पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजमध्ये रेसिडेंटांचा स्वतंत्र मंच आहे. प्रशिक्षण कार्यक्रमांचे प्रतिनिधी तिथे येतात, आणि कॉलेजच्या तज्ज्ञ समित्यांवर रेसिडेंटला कनिष्ठ सदस्य म्हणून बसता येतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्समध्ये प्रशिक्षणार्थींची सल्लागार समिती आहे. तिकडचं सगळं सोन्याचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिथल्या रेसिडेंटांच्या तक्रारीही काही कमी नाहीत. पण ती तक्रार ऐकायची जागा तिथे ठरलेली आहे. आपल्याकडे राज्यातल्या पॅथॉलॉजिस्टांचं वार्षिक अधिवेशन, मॅपकॉन, भरतं. रेसिडेंट तिथे पोस्टर लावायला आणि पेपर वाचायला जातात, स्वयंसेवक म्हणून बिल्ले वाटतात. प्रशिक्षण कसं चाललंय यावर त्यांनी बोलायचं आणि ज्येष्ठांनी ऐकायचं, असं एखादं सत्र त्यात कायमचं ठेवायला किती खर्च येतो? एक हॉल, एक तास.

‘विद्यार्थ्यांनीच अभ्यासक्रम ठरवायचा का मग?’ असं यावर विचारलं जातं. नाही. अभ्यासक्रम आयोगानं ठरवलेला आहे आणि तो वाचायला चांगलाच आहे. प्रश्न आहे तो ठरलेला अभ्यासक्रम प्रत्यक्षात घडतो का, याचा. त्याची माहिती कुणाकडे असते? निरीक्षक वर्षातून एखाद्या दिवशी येतो. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, विभाग चांगलाच दाखवायचा असतो. रोज तिथे असणारा एकच साक्षीदार आहे, आणि त्याच्या थिसिसवर, लॉगबुकवर आणि परीक्षेला बसण्याच्या परवानगीवर सही ज्यांची, त्यांच्याविरुद्धच त्याला साक्ष द्यावी लागते. नाव न कळता तक्रार नोंदवता येईल अशी सोय आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर एखादा पदव्युत्तर प्रतिनिधी, एवढ्यानं कुठला अभ्यासक्रम बुडत नाही.

एक उदाहरण घेतो, कारण ते नियम करताना रेसिडेंटला विचारलं असतं तर सुरुवातीलाच सुधारलं असतं. आयोगानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायची सक्ती केली. मेडिसिन, सर्जरी, बालरोगवाल्यांना त्यात खूप शिकायला मिळतं, आणि जिल्ह्यालाही तीन महिने एक जास्तीचा डॉक्टर मिळतो. पॅथॉलॉजीवाल्याचं काय? राज्यातल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयांत हिस्टोपॅथॉलॉजीचा विभागच नाही. ‘महालॅब’ योजनेत अनेक रक्ततपासण्या बाहेरच्या यंत्रणेकडे गेल्यात. नमुना इथून निघतो आणि रिपोर्ट तिकडून येतो. एमडीचे तीन महिने तो मुलगा नेमकं काय बघणार? यावर उपाय अवघड नाही. जिल्ह्यातली रक्तपेढी त्याच्याकडे सोपवा, स्तनाच्या आणि गळ्याच्या गाठींसाठी आठवड्यातून दोन दिवस सुईच्या तपासणीचं क्लिनिक चालवायला द्या, गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या स्लाइड त्याच्याकडून वाचून घ्या. टेंभ्यासारख्या रुग्णालयात असं क्लिनिक चाललं तर मोरव्याच्या बाईची पहिली परळची फेरी वाचेल. पण हे सुचवायला ज्यानं ते तीन महिने काढले तो माणूस बैठकीत हवा.

तिसरा आक्षेप जरा कुजकट आहे आणि तो खासगीतच बोलला जातो. पॅथॉलॉजीला येतात ते दुसरं काही न मिळालेले. त्यांच्यावर खर्च कशाला?

नीट-पीजी 2021 च्या प्रवेशानंतर देशात 1,456 जागा रिकाम्या राहिल्या. त्या भरण्यासाठी जादा फेरी घ्या ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं जून 2022 मध्ये फेटाळली. त्या रिकाम्या जागांत मोठा भाग रुग्णांशी थेट संबंध नसलेल्या शाखांचा होता. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये तर पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला. म्हणजे परीक्षेला बसलेला जवळपास प्रत्येक जण पात्र. जागा भरण्याचा हा उपाय शोधणाऱ्यांना जागा रिकाम्या का राहतात हा प्रश्न पडला नाही, याचं मला नवल वाटतं. गुणवत्तेची काळजी खरंच असती तर आधी तोच विचारला असता.

त्याचं उत्तर कॉलेजच्या भिंतीबाहेर आहे. एमडी होऊन बाहेर पडल्यावर पॅथॉलॉजिस्टचं काय होतं ते बघा. आधी सरकारी सेवेचा एक वर्षाचा बाँड, नाही तर पन्नास लाख भरा. मग शिकवायचं असेल तर सीनियर रेसिडेंटचं पद हवं, आणि ती पदं किती तोकडी होती ते वर आलंच. स्वतःची लॅब टाकायची तर शेजारच्या गाळ्यात टेक्निशियनची लॅब, तिच्या शेजारी कुठल्या तरी साखळीचं कलेक्शन सेंटर. सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 2017 ला गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. महाराष्ट्रात त्याचा परिणाम काय झाला? केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्यानं स्वीकारलेला नाही, आणि 1949 च्या नर्सिंग होम कायद्यात लॅब येत नाहीत. त्यामुळे लॅबची नोंदणी, तपासणी, शिक्षा यांसाठी धड कायदाच नाही. मग सही भाड्यानं देण्याचा धंदा फोफावला. एकच डॉक्टर आणि त्याच्या सहीचे रिपोर्ट एकाच दिवशी अनेक गावांतून निघताहेत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं अशा काही डॉक्टरांची नोंदणी निलंबितही केली, पण जिथे लॅबलाच कायदा नाही तिथे डॉक्टरवरची कारवाई किती पुरणार? पॅथॉलॉजिस्टांच्या संघटना वर्षानुवर्षं कायदा मागताहेत. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला हे सगळं दिसतं. तो वर्षभर पॅथॉलॉजीत बसून पुन्हा नीटचा अभ्यास करतो आणि जागा सोडून जातो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे.

अर्थात रेसिडेंट धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. ग्रॉसिंग टाळून पुढच्या परीक्षेची एमसीक्यू सोडवत बसणारे मी पाहिलेत. ब्लॉकवर नंबर चुकवून नंतर ‘टेक्निशियननं केलं असेल’ म्हणणारेही. उद्या सही भाड्यानं देणारे यांच्यातूनच निघतात. पण यातली कुठली गोष्ट प्रशिक्षण सुधारल्यानं वाढते ते मला कुणी तरी दाखवून द्यावं.

‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आता उत्तर देतो. आमच्या शाखेत वडीलकीचं सगळ्यांत मोठं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, मग टाटा मेमोरियल असा त्यांचा प्रवास. तोंडाच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर त्यांनी केलेल्या कामानं भारतीय पॅथॉलॉजीला जगात जागा मिळवून दिली. हा माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून गप्प बसला होता का? देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी करणाऱ्यांत ते पुढे होते, आणि 1952 मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्या विषयाला संस्था, पैसा आणि मान हवा हे त्यांनी मागितलं आणि मिळवलं. त्यांच्या तसबिरीखाली उभं राहून मुलांना ‘मागू नका’ असं सांगणाऱ्यांनी एकदा मागे वळून तसबीर बघावी.

शिवाय त्या वेळचं पॅथॉलॉजी आज नाही. तेव्हा स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट चार ओळींचा असे. आज त्यात कडांची अंतरं, ग्रंथींची संख्या, ग्रेड, रिसेप्टर, हर-टू हे सगळं लागतं, आणि त्यातल्या एकेका उत्तरावर लाखभराच्या औषधाचा निर्णय होतो. निदान शिकायचा जुना राजमार्ग म्हणजे शवविच्छेदन. ते रुग्णालयांतून आटत चाललंय. नव्या पिढीला जास्त शिकायचंय आणि शिकायच्या जागा कमी होताहेत, ही तुलना ज्येष्ठांनी करावी.

‘आता हे सगळं यंत्रच करेल’ हा चौथा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. स्कॅन केलेल्या स्लाइडवरून निदान करायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये पहिली परवानगी दिली. संगणक पेशी मोजेल, ग्रेड सुचवेल, आणि त्यानं ते करावंच. पण चरबीतली बारावी ग्रंथी शोधायला अजून बोटंच लागतात. शिवाय यंत्राचं उत्तर चुकलं हे ओळखायला आधी बरोबर उत्तर येणारा माणूस लागतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली, मुंबई आणि आपल्या जिल्ह्यातलं अंबरनाथ. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी असते, म्हणजे या प्रत्येक ठिकाणी पॅथॉलॉजीचे शिक्षक लागणार. ते येणार कुठून? आज केईएम-नायर-कळव्यात फॉर्मॅलिनच्या वाफेत उभ्या असलेल्या मुलांमधूनच. त्यांना आज धड शिकवलं नाही तर बिघाड दहा पटींनी पसरेल.

मग त्यांनी करायचं काय? संप हा त्यांचा मार्ग नाही, हे वर आलंच. आणि रुग्णाचा रिपोर्ट अडवून बसणं मला स्वतःला मान्यही नाही. मार्डनं पुढच्या मागणीपत्रात ओपीडी नसलेल्या शाखांचं एक स्वतंत्र पान ठेवावं आणि ते लिहायला त्याच शाखांतला एक माणूस कार्यकारिणीत घ्यावा, ही झाली संघटनेची बाजू. पण रेसिडेंटच्या स्वतःच्या हातात एक गोष्ट आज, कुणाची परवानगी न घेता आहे, आणि ती कुणी वापरलेली मी पाहिलेली नाही. लॉगबुक. प्रत्येकानं किती ग्रॉसिंग केलं, किती फ्रोझन पाहिले, किती शवविच्छेदनं केली, किती सुया टोचल्या, हे त्यात लिहायचं असतं आणि गाइडनं त्यावर सही करायची असते. बहुतेक ठिकाणी ते परीक्षेआधीच्या आठवड्यात एका बैठकीत, मागच्या बॅचचं समोर ठेवून भरलं जातं. ते तसं भरायचं नाही, असं एका विभागातल्या सगळ्या रेसिडेंटांनी मिळून ठरवावं. जेवढं केलं तेवढंच लिहायचं. फ्रोझन दोन पाहिले तर दोन. शवविच्छेदन एकही नाही तर शून्य. शिक्षक शेजारी होता का, या रकान्यात नव्हता तर ‘नाही’. एकट्यानं केलं तर तो अडचणीत येईल. नऊ जणांनी एकदम केलं तर नऊ जणांना परीक्षेला बसू न देण्याचं कारण कॉलेजला लेखी द्यावं लागेल. यात एकाही रुग्णाचा रिपोर्ट उशिरा येत नाही. आणि कॉलेजनं आयोगाला दरवर्षी जी माहिती जाहीर करायची असते, तिच्या शेजारी ही नऊ लॉगबुकं कुणी ठेवली, तर सही करण्याआधी एचओडींना आकडे दोनदा वाचावे लागतील.